रंगीबेरंगी छत्र्या

२० फेब्रुवारी

धाकटे,

मायन्यात काय लिहावं ते ठरेना. 'प्रिय' लिहिलं तर तू हसशील, आणि 'चिरंजीव' लिहायला तू आता चाळिशीला टेकलीस. म्हणून नुसतं धाकटे.

अप्पांचं आता फार दिवसांचं काम नाही. डॉक्टर म्हणतात चार आठवडे, फार तर पाच. छातीत पाणी झालंय, पाय सुजलेत, उशा लावून बसवलं तरच श्वास पुरतो. तुला कळवणं माझं काम होतं, ते केलं. ये असं मी म्हणत नाही, येऊ नकोस असंही म्हणत नाही. तुझं तू बघ.

डोळ्यांचं तुला वेगळं सांगायला नको. तू गेलीस तेव्हा उजवा गेलेलाच होता आणि डावा जात होता. रंगखान्यात हे माहीत असलेली तू एकटीच. शेवटचं वर्षभर सुताच्या लडी उत्तरेच्या खिडकीत धरून रंग जुळला की नाही हे तूच त्यांच्या कानात सांगायचीस. मास्तर म्हणून मान डोलवायचे ते, आणि डोळे तुझे. तू परदेशातल्या मोठ्या गिरणीत रंग तपासायला गेलीस आणि तिसऱ्या महिन्यात गणवेशाचं कापड दोन छटांचं निघालं. एका शाळेची अर्धी मुलं एका निळ्यात, अर्धी दुसऱ्यात. मालक घरी आले, चहा प्यायले, 'मास्तर, आता आराम करा' म्हणाले. तेव्हापासून खिडकीजवळची खुर्ची. डावा डोळाही त्याच वर्षी गेला. या गोष्टीला अकरा वर्षं झाली, आणि अकरा वर्षं मी इथेच आहे, हे आपलं जाता जाता सांगितलं.

आणखी एक. मालकांची सून परवा नमुन्यांची वही मागायला आली होती. अप्पांनी आयुष्यभर रंगवलेल्या कापडांच्या चिंध्या चिकटवलेली ती जाड वही, तुला आठवत असेलच. अप्पा म्हणाले, 'ज्याला दिसतं त्याने न्यावी.' सून माझ्याकडे बघत राहिली. मी तिला पुन्हा चहा विचारला.

तुझं नाव ते घेत नाहीत. उगाच गोड लिहायची मला सवय नाही.

ताई


५ मार्च

धाकटे,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. पूर्वी चार पानांना आवरायची नाहीस.

अप्पांनी बोलावलं तर येशील म्हणतेस. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी सांगून लिहवलेलं वाक्य अजून तुझ्याजवळ आहे म्हणतेस: 'बघायचं सोडलं असशील तर लिहायचंही सोड.' आणि विचारतेस, मी काय बघायचं सोडलं ते तरी कळू दे.

वाक्य त्यांचंच आहे. अक्षर माझं. त्यात मी एक कानामात्रा बदललेला नाही, कोणाचीही शपथ घेऊन सांगते. आता पुढे काय विचारायचं ते विचार.

पण विषय काढलासच तर जुन्या गोष्टी मलाही आठवतात. संध्याकाळी ताटं वाढली की अप्पा विचारायचे, 'आज काय पाहिलं?' नियम असा, की दिवसभरात पाहिलेला एक रंग सांगायचा, पण रंगाचं तयार नाव घ्यायचं नाही. लाल, हिरवा, जांभळा म्हटलं की बाद. तू सांगायचीस: पाऊस पडून गेल्यावर पत्र्याच्या कडेला राहतो तो. शाईचा डाग दुधाने पुसल्यावर उरतो तो. अप्पा घास हातात धरून ऐकत बसायचे. जेवण गार व्हायचं, आणि गार झालेलं पुन्हा गरम कोण करायचं? आई गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते, तू सहाची. शाळेतून नाव माझं काढलं. तू दुपारची रंगखान्यात, मी शेगडीपुढे. कानामागून आली आणि तिखट झाली ती अशी.

एकदा, एकदाच, त्यांनी मला विचारलं, 'थोरले, तू काय पाहिलंस?' मी त्या दिवशी खूप दिवसांनी बाहेर पडले होते, रॉकेल आणायला. चौकात फुगेवाला उभा होता. मला इतकं बरं वाटलं होतं म्हणून सांगू. मी म्हटलं, 'रंगीबेरंगी फुगे पाहिले.'

तू फिसकन हसलीस. अप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, 'रंगीबेरंगी हा न बघणाऱ्याचा शब्द आहे. ज्याला बघायचा कंटाळा, तो म्हणतो रंगीबेरंगी.' आणि वाटी पुढे केली. मी वाढलं. त्यानंतर मला त्यांनी कधी विचारलं नाही.

तुला हे आठवत नसेल. हसणाऱ्याला आठवत नाही. पण आणखी एक गोष्ट तुला आठवायचा प्रश्नच नाही, कारण तू लहान होतीस. आई सगळ्याला रंगीबेरंगी म्हणायची. बाग रंगीबेरंगी, दुकानातल्या बरण्या रंगीबेरंगी, अप्पांचे रंगाने माखलेले हातसुद्धा रंगीबेरंगी. दोन्ही हात पसरून म्हणायची, जणू सगळं एकदम कवेत घ्यायचं आहे. आणि अप्पांनी तिला कधी टोकलं नाही. तिच्या तोंडून चाललं, माझ्या तोंडून नाही.

शाळेच्या जुन्या कोशात मी मुद्दाम पाहिलं. 'अनेक रंगांचा, विविध रंगांनी युक्त.' बस, एवढंच. त्यात कंटाळ्याचा उल्लेख नाही.

ताई


१९ मार्च

धाकटे,

अप्पांना पाणीसुद्धा चमच्याने द्यावं लागतं. ऐकूही कमी येतं. कधी कधी मला आत्या समजतात. आत्या जाऊन किती वर्षं झाली.

काल नमुन्यांची वही मांडीवर ठेव म्हणाले. ठेवली. बोटं फिरवत पानं उलटतात, आणि कुठल्या पानावर काय आहे ते सगळं पाठ आहे. एका चिंधीवर बोट ठेवून म्हणाले, 'हा सांग.' खाली तुझ्या बालअक्षरात लिहिलंय, 'वांग्याच्या देठाजवळचा.' मी वाचायला लागले तर म्हणाले, 'वाचू नकोस. बघून सांग.' मी बघितलं. मी म्हटलं, 'अप्पा, उजेड कमी आहे.' दुपारचे बारा वाजले होते. त्यांनी वही मिटली.

तुझं दुसरं पत्र त्यानंतर तासाभराने आलं. या वेळी दोनच ओळी. 'ताई, मी सगळ्या पत्रांत फक्त बघितलेलंच लिहीत होते. त्यांना दिसत नाही म्हणून दुप्पट बघत होते. मग त्यांनी असं का लिहवलं?'

सांगते. एकदा मला ताप होता. तुझं पत्र आलं, आणि अप्पांना आलेलं पत्र त्याच दिवशी वाचून हवं असायचं, नाहीतर जेवायचे नाहीत. एकदा वाचून भागायचं नाही, तीनदा. 'ते गंजाचं पुन्हा वाच. ते पुलाखालच्या पाण्याचं पुन्हा वाच.' त्या पत्रात तू बाजारातल्या छत्र्यांबद्दल लिहिलं होतंस. आठ ओळी, नुसत्या छत्र्यांवर. डोकं ठणकत होतं, अक्षरं नाचत होती. मी वाचलं, 'बाजारात रंगीबेरंगी छत्र्या होत्या', आणि पुढे गेले.

अप्पांनी मला थांबवलं. म्हणाले, 'असं लिहिलंय तिने?'

मी म्हटलं, 'हो.'

तापात माणूस काहीही बोलतं. ते एवढं मनाला लावून घेतील असं मला काय माहीत. एका शब्दावरून पोरीला लिहू नको म्हणणारा बाप तूच बघ. झालं ते एवढंच झालं.

ताई


२२ मार्च

धाकटे,

एवढंच झालं नाही.

मागचं पत्र टपालपेटीत टाकलं आणि तेव्हापासून रोज हा कागद काढून ठेवते आहे. आता लिहिते आहे ते सरळ लिहिते, मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

ताप एकदाच आला होता. रंगीबेरंगी मी अकरा पत्रांत वाचलं.

छत्र्यांच्या त्या दिवशी 'हो' म्हटल्यावर अप्पांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी ओळखलं. फुग्यांच्या दिवशी माझ्याकडे बघताना तेच होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते तुझ्या वाट्याला आलं होतं, आणि मला ते गोड लागलं. पुढचं पत्र आलं तेव्हा मी धडधाकट होते. तू ट्रामच्या खिडकीतून दिसणाऱ्या भिंतींवर दीड पान लिहिलं होतंस. मी वाचलं, 'वाटेत रंगीबेरंगी भिंती लागतात.' मग फुलं रंगीबेरंगी, गिरणीतलं सूत रंगीबेरंगी, तुझ्या खोलीचे पडदेसुद्धा रंगीबेरंगी. बाकी सगळं तुझंच वाचायचे, तब्येत, पगार, शेजारीण, सर्दी. फक्त जिथे तू पाहिलं होतंस तिथे हा एक शब्द. आईचा शब्द घेतला आणि त्याने तुला मारलं.

तिसऱ्या-चौथ्या पत्रापासून त्यांनी पुन्हा वाच म्हणणं सोडलं. सातव्याला म्हणाले, 'मोठ्या गिरणीत यंत्रं बघतात, माणसाला बघावं लागत नाही.' अकरावं पत्र अर्ध्यावर थांबवलं आणि म्हणाले, 'कागद घे.' मग ते वाक्य सांगितलं. इतकी वर्षं त्यांची पत्रं मी लिहीत आले, त्यांचं चार ओळींचं बोलणं दोन ओळींत उरकत आले, पण ते एक पत्र मी शब्दशः लिहिलं. तिकीट मी स्वतः जाऊन लावलं.

तू लिहायची थांबलीस तेव्हा वाटलं, आता या घरात फक्त मी. आता विचारतील, 'थोरले, काय पाहिलंस?' नऊ वर्षांत एकदाही विचारलं नाही. खुर्चीत बसून राहायचे, खिडकीकडे तोंड करून. मी तुझं लिहिणं काढून घेतलं, पण ती जागा काही मला मिळाली नाही. त्यांचे डोळे दोनदा गेले, आणि दोन्ही वेळा घालवणारे घरचेच. तू गेलीस तेव्हा एकदा, मी वाचलं तेव्हा एकदा. तू निदान त्यांना सांगून गेलीस.

तुझी पत्रं सगळी आहेत. एक्केचाळीस. आईच्या पेटीत, तळाशी. चार दिवस दुपारी ते झोपले की मी एकेक काढून वाचते आहे. पूर्ण. छत्र्यांच्या आठ ओळी मी काल पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचल्या. त्यातली एक छत्री तू लिहिली आहेस, 'ताई कपाळाला लावायची त्या बामाच्या बाटलीच्या झाकणाचा, आतून घासून उरतो तो.' मी तिथपर्यंत पोचलेच नव्हते.

मी अप्पांना सांगणार आहे. उद्या सकाळी त्यांचं डोकं जरा शुद्धीवर असतं, तेव्हा. तू ये. ते बोलावत नाहीत. मी बोलावते आहे.

ताई


२० एप्रिल

धाकटे,

अप्पा गेल्यावर तू आलीस, चार दिवस राहून गेलीस आणि आपण दोघी एकमेकींना 'चहा घेणार?' याच्यापलीकडे काही बोललो नाही. मी तुझ्या जागी असते तर तेवढंही बोलले नसते. वही तू नेलीस ते योग्य झालं. पत्रांचा गठ्ठा टेबलावर ठेवला होता, त्याला तू हात लावला नाहीस. तो परत पेटीत ठेवला आहे.

जाताना दारात तू विचारलंस, 'शेवटी काही म्हणाले का?' मी म्हटलं, 'नाही. झोपेतच गेले.' तू मान हलवलीस आणि गाडीत बसलीस. ते 'नाही' खोटं होतं. हे शेवटचं, यानंतर माझ्याकडे लपवायला काही उरत नाही.

तेवीस तारखेला सांगायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं. चोवीसला अप्पांना दम लागला होता. पंचवीसला दुपारी मी तुझं छत्र्यांचं पत्र हातात घेऊन त्यांच्याजवळ बसले. ठरवलं होतं, आधी आठ ओळी वाचायच्या, म्हणजे पुढचं आपोआप सांगावं लागेल. मी पत्र उलगडलं. कागदाचा आवाज त्यांना ऐकू आला की नाही कोण जाणे. डोळे मिटलेलेच होते. म्हणाले, 'बाहेर काय दिसतं?'

मला विचारत होते की आत्याला, की आणखी कोणाला, ते कळलं नाही. पण विचारलं होतं.

मी खिडकीकडे पाहिलं. समोरच्या घरचं धुणं वाळत होतं, रोजचंच. रोज मी तिकडे बघून फक्त ऊन आहे की नाही तेवढं ठरवते. पण आठवडाभर तुझी पत्रं वाचत होते म्हणून असेल, मी पत्र मांडीवर ठेवलं आणि सांगायला लागले. म्हटलं, एक सदरा आहे, त्याचा रंग फक्त काखेत राहिलाय, खांद्यावर मात्र दूध नासतं तेव्हा वर येणाऱ्या पाण्यासारखा झालाय. एक उशीचा अभ्रा आहे, कांद्याचं शेवटचं साल काढल्यावर आत लागतो तो. एकच मोजा आहे, जोडीचा नाही, पातेलं बुडाला लागतं तेव्हा आधी येतो त्या रंगाचा, अजून करपलं नाही, आता करपेल असा. आणि टोकाला एक फडकं आहे, अप्पा, ते किती वेळा धुतलंय देव जाणे, त्याचा रंग तांदूळ धुतलेल्या तिसऱ्या पाण्याचा.

मी बोलत राहिले. कुठून येत होतं ते मलाच माहीत नाही. नाही, खोटं कशाला बोलू, माहीत आहे. सगळं स्वयंपाकघरातलं होतं. इतकी वर्षं मी तिथे उभी राहून बघत होते आणि मला वाटत होतं मी नुसती रांधते आहे.

अप्पा हसले. खरंच हसले, धाकटे, ओठ फाकून, ताटावर बसून हसायचे तसे. हात पुढे करून म्हणाले, 'आलीस का चिमणे?'

चिमणी तू. मला त्यांनी आयुष्यात थोरलीशिवाय दुसरं काही म्हटलं नाही.

आपले आवाज सारखे आहेत, आत्यासुद्धा दोघींत घोळ करायची. पण आवाजाने फसले नाहीत ते. त्यांना वाटलं, असं बघणारी एकच आहे.

मी काय म्हणायला हवं होतं? 'मी थोरली' म्हटलं असतं तर हात मागे गेला असता की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही. मी हात धरला आणि म्हटलं, 'हो अप्पा. आले.'

म्हणाले, 'मला वाटलं, सोडलंस.'

मी म्हटलं, 'नाही सोडलं. तुम्हाला नीट वाचून दाखवलं नाही.'

एवढंच. एवढाच माझा कबुलीजबाब, आणि तोही तुझ्या तोंडून. त्यांना कळला की नाही माहीत नाही. बराच वेळ हात धरून होते. मग म्हणाले, 'थोरली कुठे आहे?'

मी म्हटलं, 'आत आहे. स्वयंपाकघरात.'

'तिला हाक मार. मला तिच्याशी बोलायचंय.'

मी उठले. दुसरं करणार काय? स्वयंपाकघरात गेले. आत कोणी नव्हतं. ओट्यापाशी उभी राहिले, एक पातेलं उगाच खाली ठेवलं, आवाज व्हावा म्हणून. हात कोरडेच होते, तरी पदराला पुसले. मनात मोजत होते, थोरलीला यायला किती वेळ लागेल. मग बाहेर आले, माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, 'काय अप्पा, हाक मारलीत?'

ते गेलेले होते.

त्यांना मला काय सांगायचं होतं? मी रोज एक नवीन उत्तर तयार करते. कधी वाटतं, 'ताप होता ना तुला तेव्हा' असं म्हणणार होते. कधी वाटतं, 'पाणी आण' म्हणणार होते, तेवढंच. तू त्यांना जास्त ओळखायचीस, तुला काही अंदाज असेल तर कळव. पण मला बरं वाटावं म्हणून काही जोडून लिहू नकोस, ती कला या घरात एकीला आली तेवढी पुरे.

तू मला माफ करावंस असं मी म्हणत नाही. अप्पांनी शेवटचा धरला तो तुझा हात, एवढं तुला माहीत असावं. हात माझा होता, हेही माहीत असावं.

समोरचं धुणं आजही वाळत आहे. मोजा अजून एकटाच आहे.

जमलं तर लिही. छत्र्यांबद्दल आठ ओळी लिहिल्यास तरी चालतील. आता मला कोणाला वाचून दाखवायचं नाही, त्यामुळे मी सगळं वाचेन.

थोरली